मिसिंग नावाचं गाव

आमच्या खात्यात माणूस हरवत नाही, तो मिसिंग होतो. ठाण्यात कुणी घाबरंघुबरं होऊन आलं की ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारतो, "काय, मिसिंग द्यायची आहे का?" मग मागे वळून हाक मारतो, "ताई, एक मिसिंग आहे, घ्या." ती घेणारी ताई म्हणजे मी. शिरपूर, मग धुळे आणि शेवटची वर्षं जळगाव, बदली कुठेही झाली तरी हे काम फिरून माझ्याकडेच आलं. खुनाच्या तपासात पेपरात फोटो येतो तो तपास करणाऱ्याचा. मिसिंगच्या तपासात येतो तो हरवलेल्याचा. त्यामुळे या कामासाठी चढाओढ नसते. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात साहेब म्हणाले, "मॅडमनी आयुष्यभर खूप मिसिंग केल्या." माझ्या सुनेच्या माहेरची मंडळी आली होती, त्यांना वाटलं असेल, बाई फार चुका करत होती.

शब्द इंग्रजी, पण आम्ही तो पार घरचा करून टाकला होता. मिसिंग दाखल झाली, मिसिंग सापडली, मिसिंग बंद केली, साहेब जुन्या मिसिंगवरून ओरडले. माझी बोली अहिराणी, शाळा मराठी, आणि इंग्रजीचा संबंध मॅट्रिकपुरता. त्या शब्दाचा अर्थ काय, असं नोकरीतली कित्येक वर्षं मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते एका म्हातारीने.

त्याआधी हे काम काय असतं ते सांगते. अठरा वर्षांच्या आतलं मूल गेलं तर अपहरणाचा गुन्हाच दाखल होतो आणि सगळी यंत्रणा पळायला लागते. मोठं माणूस गेलं तर गुन्हा कुठलाच नसतो. घर सोडून जायचा मोठ्या माणसाला हक्क आहे. म्हणून फक्त नोंद होते, वर्णन घेतलं जातं, ते आसपासच्या ठाण्यांना कळवलं जातं आणि शोध सुरू होतो. वर्णनाचे प्रश्न ठरलेले : उंची, बांधा, रंग, अंगावर कपडे कोणते, पायात काय, ओळखीची खूण, भाषा कोणकोणत्या येतात. प्रश्न सोपे वाटतात. पण जन्म एकत्र काढलेला नवरा बायकोच्या साडीच्या रंगापाशी अडतो. आई मुलाची उंची हात वर धरून दाखवते, तिला आकडा सांगता येत नाही. धुळ्यात एक जण भावाचं वर्णन विचारलं की "माझ्यासारखाच, मॅडम" एवढंच म्हणत राहिला. शेवटी मी त्याच्याकडे बघून त्याचंच वर्णन लिहून घेतलं, आणि भाऊ त्या वर्णनावरून सापडला.

तर ती म्हातारी. जमनाबाई. मी शिरपूरला होते तेव्हाची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात राहायच्या. पावसावरची थोडी जमीन, जंगलातला मोह आणि डिंक, आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचं, असं नवरा-बायकोचं वर्ष. त्या साली जमनाबाईंचे गुडघे धरले म्हणून त्या मागे राहिल्या आणि नवरा, सुकलाल, एकटाच टोळीबरोबर गेला. होळीसाठी टोळी परत आली. सुकलाल आला नाही. जमनाबाईंना घेऊन टोळीचा मुकादम ठाण्यात आला. म्हणाला, "मोठ्या स्टेशनवर पाणी प्यायला उतरला, साहेब. त्याची गाडी मिस झाली. आम्हाला वाटलं, मागच्या गाडीनं येईल."

ठाणे अंमलदारांनी नोंद केली आणि जमनाबाईंना सांगितलं, "आजी, तुमचा माणूस मिसिंग आहे. आम्ही बघतो. आता घरी जा."

त्या गेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी एकट्याच परत आल्या. काखेत गाठोडं होतं. सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, त्या मिसिंगले येस्टी जास का?"

मला काही उमगेना. म्हटलं, "कोठे जावानं शे, माय?"

"मिसिंगले. साहेब बोलना ना, तुना धनी मिसिंग शे. मना गुडघा दुखतस, पन मीच जासू आते. कितलं दूर शे ते गाव? सरळ गाडी शे का धुळाले बदलनी पडस?"

कोपऱ्यातला एक शिपाई हसला. त्याच्यामागून दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानेही तोंड मिटलं. जमनाबाईंनी गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं. आत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि सुकलालचं धुतलेलं धोतर होतं. परगावी अडकलेल्या माणसाला लागेल ते सगळं.

मी त्यांना बाकावर बसवलं. म्हटलं, "माय, मिसिंग गाव नही शे. मिसिंग म्हणजे हारपी गया."

त्या रागावल्याच. "हारपाले तो काय बकरी शे? त्याले नाव शे, गाव शे, घर शे. बठ्ठा लोक त्याले वळखतस."

हरवणं हा शब्द त्यांनी शेळीसाठी, विळ्यासाठी वापरलेला. माणूस कुठे ना कुठे असतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या जागेचं नाव साहेबांनी सांगितलं, आता रस्ता सांगावा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी शेवटी म्हटलं, "तो कोठे तरी शे. कोठे, ते आपले माहीत नही. ते शोधाले मी आठे बठेल शे."

"मंग शोध," त्या म्हणाल्या. धोतराची घडी परत बांधून घेतली, भाकरी मात्र माझ्या टेबलावर ठेवली. "तो भेटना ते त्याले दे. नही ते तू खाय."

त्यानंतर दर बाजाराला त्या येत. दारातूनच विचारत, "मिसिंगना पत्ता लागना का?" मी शब्द दुरुस्त करणं सोडून दिलं. गुजरातेतल्या जेवढ्या ठाण्यांचे नंबर मिळाले तेवढ्यांना मी फोन केले. आमचं वर्णन असं : वय साठीचं, रंग काळा, बांधा सडपातळ, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर कोयत्याने गेलेलं, भाषा अहिराणी. तिकडचे लोक विचारायचे, ही कुठली भाषा? मी म्हणायची, आमच्याकडची.

तेवढ्यावरच काम झालं. तिकडच्या एका निराधारांच्या आश्रमातून फोन आला. फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "एक बाबा आहे. ताप होता, स्टेशनवर पडलेला मिळाला. आता बरा आहे, पण काय बोलतो ते इथे कुणाला कळत नाही. नुसतं शे शे करतो." शे म्हणजे आमच्या बोलीतलं 'आहे'. मी म्हटलं, त्याला फोन द्या. श्वासाचा आवाज आला. मी म्हटलं, "बाबा, मी शिरपूरहून बोलस. तुमनं नाव काय शे?"

पलीकडून जाडाभरडा आवाज आला, "मोह येचाई गया का?"

त्यांच्या डोंगरात तेव्हा मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. त्या माणसाने इतक्या दिवसांनी आपली बोली ऐकली आणि घरचं काम आठवलं. नाव त्याने नंतर सांगितलं, मला त्याची गरज उरली नव्हती.

त्याची गाडी चुकली होती हे मुकादमाचं खरं. मागच्या गाडीत तो चढलाही होता, पण ती उलट्या दिशेची. पाट्या वाचता येत नव्हत्या, विचारलं तर बोली कुणाला कळत नव्हती. आमचा एक हवालदार जाऊन त्याला घेऊन आला तेव्हा शिरपूरच्या स्टँडवर मी जमनाबाईंना घेऊन उभी होते. सुकलाल उतरला. आश्रमाने दिलेला पायजमा, दाढी केलेली. जमनाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. रडतील म्हणून मी खांद्यावर हात ठेवायला गेले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिसिंगनं पानी चांगलं दखास. जाडा व्हयी गया."

मी दुरुस्त केलं नाही.

अशा मिसिंग बंद करताना कागदावर सही करायला हात शिवशिवतो. सगळ्याच अशा नसतात, हे जळगावला कळलं.

जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला चौधरी सर राहत. मूळचे रावेरकडचे, घरची केळीची शेती भावांकडे, स्वतः हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणे. एकच मुलगा, हेमंत. तिशी ओलांडलेला. पुण्यात राहून बरीच वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, मग घरी परत येऊन देत राहिला. एका सकाळी तलावावर फिरायला म्हणून बाहेर पडला तो परतला नाही. फोन घरी चार्जिंगलाच लावलेला होता.

सरांइतकं चोख वर्णन मला कुणी दिलं नव्हतं. उंची सेंटिमीटरमध्ये, चष्म्याचा नंबर, शर्टाच्या चौकटीचे दोन रंग. मी नेहमी एक प्रश्न माझ्या पदरचा विचारते, कागदावर नसलेला : त्याला कुठे जायला आवडायचं? सरांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी सरांकडे. सर म्हणाले, "तो अभ्यासच करायचा, मॅडम."

फोन घरी आणि शेवटचं ठिकाण तलाव. कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या मनात एकच होतं. मासे धरणारी मंडळी होड्या घेऊन उतरली, पाण्यात गळ टाकून पाहिलं. काठावर माणसांची गर्दी. अक्काही आल्या होत्या, पण त्या तलावाकडे पाठ करून बसल्या. कुणी काही ओरडलं की त्यांचे खांदे वर जात. एकदाही वळल्या नाहीत. तलावात काही मिळालं नाही.

पुढे काही आठवड्यांनी जिल्ह्यातच दुसऱ्या एका ठाण्याच्या हद्दीत, शेतातल्या विहिरीत एक अनोळखी पुरुष मिळाला. वय साधारण तेच. मिसिंगच्या कामाचा हा दुसरा भाग, याबद्दल कुणी विचारत नाही. एका बाजूला नाव असलेली आणि न सापडणारी माणसं, दुसऱ्या बाजूला सापडलेली आणि नाव नसलेली. दोन्ही ताडून बघायचं काम आमचं. सरांना घेऊन मी शवागारात गेले. अक्कांना आणू नका म्हणून सांगितलं होतं. सर आत गेले, नाकाला रुमालही लावला नाही, नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाही. हा नाही."

बाहेर निंबाच्या झाडाखाली बाकडं होतं. तिथे येऊन बसले. मी चहा मागवला. ते म्हणाले, "आत जाताना देवाला एकच म्हणत होतो, हा तो नसू दे. नव्हता. बाहेर आलो, आणि मनात आलं, पण हा कुणाचा तरी असेलच ना?"

म्हटलं, "असेल, सर. बघतोय आम्ही." तो कुणाचा होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या नोकरीतल्या अशा नाव नसलेल्या माणसांपैकी हा एक. निवृत्तीनंतरही एखाद्या परगावच्या ठाण्यात जाणं झालं की भिंतीवरचे हरवलेल्यांचे फोटो मी बघते, त्याच्यासारखा चेहरा दिसतो का म्हणून.

चहा आला. सरांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. एकदम म्हणाले, "तुम्ही सगळे मिसिंग मिसिंग म्हणता. मुळात हा शब्द कसा आला, माहीत आहे?"

मला कळलं, यांना आत्ता त्या खोलीविषयी सोडून काहीही बोलायचं आहे. म्हटलं, "नाही, सर. सांगा."

ते वर्गात सांगावं तसं सांगू लागले. आवाज हळूहळू ठीक झाला. "फार जुना शब्द आहे. मूळ अर्थ नेम चुकणे. बाण सोडला, लागला नाही. मग गाडी चुकणं, वर्ग चुकणं, संधी चुकणं. त्यातून पुढे, जे जिथे असायला हवं ते तिथे नसणं. पुस्तकाचं पान नसलं तरी मिसिंग. आणि मग त्या नसण्याचं दुःख, त्यालाही हाच शब्द."

मी विचारलं, "आणि शाळेत पोरं बाईंना मिस म्हणतात ते?"

"ते वेगळं. ते मिस्ट्रेसचं तोडलेलं रूप, मालकीण अशा अर्थाचं. आवाज सारखा, नातं काही नाही." थोडं थांबून म्हणाले, "मराठीत आपण म्हणतो, मला त्याची आठवण येते. आठवण येते, जाते, आपण बसलेले असतो. इंग्रजीत तसं नाही. आय मिस हिम. कर्ता मी. मुलं वर्गात विचारायची, सर, मिस करतो म्हणजे तो माणूस नक्की काय करतो? मी म्हणायचो, पाठ करा, परीक्षेला येईल."

चहावर साय धरली.

हेमंत सापडला तो बऱ्याच महिन्यांनी. त्याने आपल्याच आधार कार्डावर नवीन सिम घेतलं आणि आमच्या तांत्रिक शाखेतल्या मुलाच्या ते लक्षात आलं. ठिकाण निघालं धुळ्याच्या अलीकडे, हायवेवरच्या एका हॉटेलाचं. जळगावहून एस्टीने जाऊन जेवायच्या वेळेला परत येता येईल एवढं जवळ. एका महिला शिपायाला घेऊन मी साध्या कपड्यांत गेले. दुपारची गर्दी ओसरली होती. मागे भटारखान्यात तो वांगी भाजत होता. चष्मा तोच, दाढी वाढलेली. मी नाव घेतल्यावर त्याने चिमटा खाली ठेवला, हात धुतले आणि मागच्या अंगणातल्या बाजेवर येऊन बसला.

"आप्पांनी पाठवलं?" वडिलांना तो आप्पा म्हणे.

"नाही. तुम्ही मिसिंग आहात, म्हणून आम्ही शोधत आलो."

"मी काही गुन्हा केलेला नाही, मॅडम."

"माहीत आहे. का गेलात तेवढं सांगा. सांगायचं असेल तर."

त्याने सांगितलं. भांडण झालेलं नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं. "मला घरात कुणी कधी रागावलं नाही. प्रत्येक निकालानंतर आप्पा म्हणायचे, पुढच्या वेळी होईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी इंग्रजी पेपर, कठीण शब्दांखाली रेघा मारलेल्या. इतकी वर्षं. एकदा तरी म्हणाले असते, बस झालं हेमंत, सोड आता. मला ते म्हणायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी तलावाला फेरी झाली. घराकडे वळायचं होतं. पाय वळले नाहीत."

"परत चला, असं मी म्हणू शकत नाही," मी सांगितलं. "तुमची इच्छा."

"मग त्यांना सांगा, जिवंत आहे, बरा आहे. कुठे आहे ते सांगू नका."

तसा जबाब घेतला. सज्ञान माणसाने असं लिहून दिलं की आम्हाला पत्ता सांगता येत नाही, आई-बापालासुद्धा. उठता उठता मी एवढंच म्हटलं, "तलावात शोधत होते तेव्हा तुमची आई पाण्याकडे पाठ करून बसली होती." तो खाली बघत राहिला. पायाशी हॉटेलातली एक मांजर आली, तिने त्याच्या चपलेचा अंगठा धरला. तो नकळत हसला आणि लगेच तोंड फिरवून आत गेला.

परतीच्या एस्टीत खिडकीपाशी बसून मी वाक्यं जुळवत होते. एकही बरं जुळलं नाही.

सरांच्या घरी बैठकीत दोघंही समोर बसली. मी सांगितलं, "सापडला. जिवंत आहे, तब्येत चांगली आहे, पोटापाण्याचं काम करतोय." अक्कांनी पदर तोंडाला लावला. सर उभे राहिले. "कुठे?"

"ते सांगता येणार नाही, सर. त्याची तशी इच्छा आहे."

"मी बाप आहे त्याचा."

"तो सज्ञान आहे."

"सज्ञान," सर म्हणाले. मग विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे तो आता मिसिंग नाही?"

"नाही. ती बंद झाली."

"तुमची बंद झाली," एवढं म्हणून सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

अक्का रावेरकडच्या बोलीत बोलत, ळ च्या जागी य यायचा. त्यांनी माझा हात धरला. "ताई, तुम्ही सोता त्याले डोयानं पाह्यलं?"

"हो, अक्का."

"पायात काय होतं?"

तेव्हा मला सुचलं की पत्ता सांगायला बंदी आहे, वर्णन सांगायला नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून वर्णन घेत आले, त्या दिवशी पहिल्यांदा दिलं. पायात रबरी चप्पल. टाचा फुटलेल्या, पण भेगा कोरड्या. अंगात निळा टी-शर्ट, धुतलेला. दाढी बोटभर. वजन थोडं उतरलंय, डोळे स्वच्छ आहेत. उजव्या मनगटावर तेल उडाल्याचा डाग, जुना, बरा झालेला. खोकला नाही. सर खिडकीकडे तोंड करूनच उभे होते, पण मी थांबले की म्हणत, "पुढे."

"हसला का तो?" अक्कांनी विचारलं.

"एकदा हसला. मांजरीनं चप्पल धरली तेव्हा."

अक्कांनी मान हलवली. एवढ्यावर त्यांचं भागल्यासारखं दिसलं. सरांचं भागलं नाही. ते वळून म्हणाले, "का गेला, ते सांगितलं असेल त्यानं. ते सांगायला बंदी आहे?"

नव्हती. मी सांगितलं, पेपराचं, रेघांचं, जमेल तेवढ्या हलक्या शब्दांत. सर ऐकून घेतल्यावर आत निघून गेले. मला निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. नंतर काही दिवस मला वाटत राहिलं, त्यांना हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का?

मग एका सकाळी सर ठाण्यात आले. मी हेमंतला विचारून ठेवलं होतं, घरचा निरोप असेल तर फोनवर सांगू का, आणि तो हो म्हणाला होता. सर म्हणाले, "लिहायला बसलो होतो. मराठीत जमेना, इंग्रजीत तर नकोच वाटलं. तुम्ही तोंडी सांगा."

"काय सांगू?"

"सांगा, इंग्रजी पेपर बंद केलाय."

मी वाट बघितली. आणखी काही नव्हतं. ते उठून गेले. मी फोन लावला आणि ते वाक्य होतं तसं सांगितलं. पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी ऑर्डर ओरडत होतं. हेमंत म्हणाला, "बरं."

मी अक्कांना एक गोष्ट बजावून ठेवली होती. त्याचा फोन आला तर कुठे आहेस आणि कधी येतोस, हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. सापडलेली माणसं पुन्हा जातात ती बहुतेक या दोन प्रश्नांनी. अक्का म्हणाल्या, "मंग मी काय बोलू?" म्हटलं, तो विचारेल त्याचं उत्तर द्या.

एका रविवारी त्याचा फोन आला. दुपारीच अक्कांनी मला कळवलं. पोराने विचारलं होतं, भरताच्या मिरच्या भाजून घेतेस की तेलात परतून? इथे जमत नाही तुझ्यासारखं. अक्कांनी सगळं सांगितलं. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही. मिरच्या आणि लसूण बडगीत, आमच्याकडच्या लाकडी उखळीत, वांग्याबरोबरच ठेचायचे. कांद्याची पात शेवटी. दोन प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. "जिभेवर आले होते, ताई," त्या म्हणाल्या, "पन गियले."

त्यानंतर तो रविवारी फोन करू लागला. बोलणं आईशीच, आणि बहुतेक खाण्यापिण्याचं. सर जवळच्या खुर्चीत बसून ऐकत. हेमंत घरी आलेला नाही, अजूनही नाही. अक्कांनी एकदा माझ्याजवळ बोलून दाखवलं की दिवाळीला येईल असं वाटत होतं. ती दिवाळी गेली.

निवृत्तीनंतर मी जळगावातच राहिले आहे, म्हणून कधीमधी मेहरूणला त्यांच्याकडे जाते. मागच्या वेळी गेले तो रविवार होता. अक्कांनी चहा ठेवला आणि फोन वाजला. त्या नेहमीसारख्या बोलत होत्या, डाळीत काय कमी पडलं असेल ते सांगत होत्या. मधेच थांबल्या. "हो, आहेत ना," म्हणाल्या, आणि फोन कानापासून काढून सरांपुढे धरला.

"तुमच्याशी बोलाचं म्हने तो."

सर उठून उभे राहिले, शाळेत कुणी वरिष्ठ आल्यावर राहावं तसे. हात धुतल्यासारखे शर्टाला पुसले. फोन दोन्ही हातांनी घेतला.

"हं," म्हणाले. "बोल तू."

पलीकडून काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं. मुलगा बरंच बोलत असावा. सरांनी मधे एकही शब्द घातला नाही. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, मागे चहा उतू चालला होता आणि आम्हा दोघींपैकी कुणी हललं नाही. सर उभ्या उभ्याच ऐकत राहिले.